गॅदरिंगला लावलेलं लग्न

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला काय काय ठेवायचं हे ठरवणाऱ्या समितीत मी होते, असं सांगितलं की माझी सून अजून हसते. हसू दे. मी चौथी पास. कॉलेजात शिकायला गेले नव्हते, कॅन्टीन चालवायला गेले होते. नवरा वारल्यावर दीर म्हणाला, वाडीत राहा, चिकू वेच, दोन घास मिळतील. मला दिराचे घास नको होते. पालघर-बोईसरच्या मध्ये नवीन कॉलेज निघालं होतं आणि तिथं चहा करायला कोणी टिकत नव्हतं. मी टिकले.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. समितीची बैठक माझ्या कॅन्टीनमध्ये व्हायची, कारण प्राध्यापकांच्या खोलीतला पंखा बंद होता आणि माझ्याकडे भजी होती. बैठकीत मी मधेमधे बोलायचेच. मग प्राचार्य म्हणाले, "सेवकवर्गातला एक सभासद घ्यायचाच आहे, तर बाईंनाच घ्या." सभासद केलं की बाई चहाचे पैसे मागणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा. तो चुकला.

त्या कॅन्टीनची मला आजही आठवण येते. माणसं फार चांगली होती म्हणून नाही. आवाज चांगला होता. नवापूरची पोरं आली की आधी हाक ऐकू यायची, मग पोरं दिसायची. समुद्रावर वाऱ्याच्या वरताण ओरडायची सवय, ती वर्गातही जायची नाही. उमरोळीची पोरं गाडीने यायची आणि गाडी चुकली की तासभर माझ्या बाकावर पत्ते कुटायची. डोंगराकडची पोरं एस्टीने यायची, भिंतीकडेच्या बाकावर बसायची आणि हळू बोलायची. वाडीवाल्यांची पोरं इस्त्रीच्या कपड्यांत. दुपारी सरावलीच्या चाळीतले उत्तरेकडचे कामगार पाळी संपवून यायचे. त्यांचा कॉलेजशी काही संबंध नव्हता, पण भज्यांशी होता. सगळे एकाच छपराखाली खायचे आणि एकमेकांच्या डब्यात बघायचे नाहीत. कोणी भांडत नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते.

गॅदरिंगला तोपर्यंत फिशपाँड, सिनेमाच्या गाण्यांवर नाच आणि एखादं विनोदी नाटक असायचं. एका वर्षी वरून प्राचार्यांना सांगून आलं की कॉलेजने सगळ्या समाजांचे कार्यक्रम ठेवावेत, सामाजिक न्यायाचे विषय घ्यावेत, आणि ते बघायला पाहुणे येतील. पाहुणे येणार म्हटल्यावर समिती जागी झाली.

समितीत चार माणसं. प्राचार्य, मराठीचे सर, पोरांचा प्रतिनिधी आणि मी. मराठीचे सर घाटावरचे, खांद्याला झोळी, मनाने चांगले. उत्साह मात्र दुधासारखा उतू जायचा, जरा नजर हटली की शेगडी भिजली. प्रतिनिधी नवापूरचा, मच्छीमाराचा पोरगा.

"सर, आमचा कोळीनाच पयला," तो बसल्या बसल्या म्हणाला. "दरवर्षी पयलाच असतो."

"म्हणूनच या वर्षी मागे घेऊ," सर म्हणाले.

"मग भरती बी मागे घ्या. गावची बाया पोरं नाच बघून संध्याकाळची होडी गाठतात."

"बायका होड्यांतून येतात?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाय, पण बोलायला बरं वाटतं."

असं चालायचं. गरबा ठेवायचा की नाही यावर अर्धा दिवस गेला. सरावलीच्या कामगारांनी ढोलकीवर त्यांची होळीची गाणी म्हणावीत, हे मी सुचवलं. प्राचार्य म्हणाले, "ते आपले विद्यार्थी नाहीत."

"त्यांची पोरं होतील की," मी म्हटलं. "आणि कोळीनाचाला ढोलकी तुम्ही दरवर्षी त्यांच्याकडूनच मागून आणता."

ते मंजूर झालं. पाणवठ्यावरून झालेल्या भांडणाचं एक नाटक मंजूर झालं. खाडीच्या पाण्याला वास येतो आणि मासळी मरते, यावर प्रतिनिधीला बोलायचं होतं. पण पाहुण्यांत एक कारखानदार होता आणि स्टेजचा मांडव त्याच्याच खर्चाने पडणार होता. तो विषय पुढच्या वर्षावर गेला. सामाजिक न्यायाला त्या वर्षी खाडीपर्यंत पोचता आलं नाही.

मग सरांनी त्यांचा विषय काढला. वारली लग्न. स्टेजवर कुडाची भिंत उभी करायची, शेणगेरूने सारवायची, तिच्यावर सवाष्णींकडून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहून घ्यायचा. तारपा वाजवणारा आणायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा. आणि खरी धवलेरी आणायची. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. म्हातारी बाई, सगळी गाणी तिला पाठ. ती गाते आणि लग्न लागतं.

"नवरानवरी आपलेच विद्यार्थी," सर म्हणाले. "दुसऱ्या वर्षाची ती मुलगी आहे ना, आणि पहिल्या वर्षाचा तो मुलगा."

दुसरी कोण असणार? डोंगराकडून कॉलेजपर्यंत पोचलेली मुलगी त्या वर्षी ती एकच होती. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. तारपा मला लहानपणापासून आवडतो. भाताची कापणी झाली की आमच्या वाडीच्या मागून, लांबून तो भोपळ्याचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, चला, आता त्यांची कामं संपली.

सर दुसऱ्याच रविवारी एस्टीने त्या मुलीच्या पाड्यावर गेले. परत आले ते खुशीत. "मुलीच्या वडिलांनी एका शब्दात होकार दिला! केवढ्या मोठ्या मनाची माणसं! धवलेरीलाही साडी-नारळ देऊन आलो."

दोन दिवसांनी ती मुलगी कॅन्टीनच्या मागच्या दाराने आली. अंगाने काटकुळी, केस घट्ट बांधलेले, पालघरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. माझ्याकडे ती सकाळी येऊन चहात पाव बुडवून खायची आणि कप स्वतः विसळून ठेवायची. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

"मावशी, माझं लगीन लागनार," ती म्हणाली.

"नाटकात गं."

"नाटकात नाय. खरं."

मला हसू आलं. माझ्या हाताखाली एक बाई होती, ती मागे बसून कांदे चिरत होती. तीही त्यांच्यातलीच, नवरा ताडावर चढायचा, ताडी काढायचा. ती हसली नाही. विळीवरून हात काढून म्हणाली, "बाय, हसू नका. चौक लिवला, हलद लागली, न् धवलेरी गायली का लगीन झालं. तिकडं बामन नाय की कागद नाय. ती गाते, देव येतात, लगीन होतं. सरांनी नाटक म्हटलं म्हनून देव मांडवाच्या भायेर बसनार हाय का?"

"मग हिचा बाप हो कसा म्हणाला?"

त्यावर मुलीनेच सांगितलं. तिच्या बापाला तो मुलगा आधीपासून पसंत होता. दोन्ही घरांत बोलणं झालेलं, फक्त लग्न करण्याइतकं काही कोणाकडे जमत नव्हतं. आता मंडप कॉलेजचा, जेवण कॉलेजचं, धवलेरीला साडी कॉलेजची. बाप म्हणाला, पोरीला शिकवून काय मिळालं तं हे मिळालं.

"तुला तो मुलगा नको?" मी विचारलं.

"मुलगा वाईट नाय. पन मंग मला परीक्षेला कोन बसू देल? लगीन झालं का सासरी. भात लावनी, मंग वीटभट्टी. माझी बहीन तशीच गेली." मग म्हणाली, "मला बी.ए. करायचं हाय. मास्तरीन व्हायचं हाय. दीड वरीस ऱ्हायलंय."

"मग सरांना नाही म्हण."

"सरांनीच माझा फार्म भरला व्हता कालेजचा. त्यांना कसं नाय म्हनू?"

हे खरं होतं. सरांनीच तिला वसतिगृह मिळवून दिलं होतं. उपकार करणाऱ्याला नाही म्हणणं शत्रूला नाही म्हणण्यापेक्षा अवघड. मला दिराला नाही म्हणताना कळलं होतं ते.

मी सरांकडे गेले. सर फळ्यावरचं पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मावशी, अहो, पिठाचा चौक आणि चार गाणी! रंगभूमीवर रोज लग्नं लागतात. म्हणून नट-नटी नवरा-बायको होतात का?"

"नटीचा बाप समोर बसून नवऱ्याकडून आलेलं देज मोजत नाही," मी म्हटलं.

"त्यांना समजावून सांगू."

"त्यांना समजलंय सर. तुम्हाला समजायचंय."

सर रागावले नाहीत, दुखावले. ते जास्त वाईट. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा या लोकांची कला स्टेजवर येतेय, त्यात तुम्ही खोडा घालू नका."

त्याच आठवड्यात मुलाचा मामा कॅन्टीनमध्ये आला. डोक्याला रुमाल, हातात छत्री, पाऊस नसताना. बाकावर ऐसपैस बसला.

"मी नवऱ्याचा मामा," तो म्हणाला.

"कुठल्या नवऱ्याचा?"

"तुमच्या कालेजच्या. मानसं किती आनायची ते इचारायला आलो. आमचा पाडा मोठा हाय."

"अहो, ते नाटक आहे."

"हो हो, नाटक," त्याने डोळा बारीक केला. "आमी कुठं नाय म्हनतो? नाटकच. पन जेवन खरं ना?" मग जरा पुढे वाकून, "आनी बाय, देज बी कालेजच देल का? मुलीचा बाप इचारत व्हता."

मागून माझी कांदेवाली म्हणाली, "मामा, मंग पोरं झाली तं बारशाला बी कालेजच बोलवा!"

"बोलवू की," मामा म्हणाला आणि दोन भजी उचलून तोंडात टाकली. माणूस बिलंदर होता, पण मला आवडला. जगात फुकट काही मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मिळत असलेलं सोडायला तो तयार नव्हता.

पुढच्या बैठकीत मी मामाचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. प्रतिनिधी पोट धरून हसला. प्राचार्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "कार्यक्रमच रद्द करा."

"रद्द कसा?" सर म्हणाले. "दोन पाडे निघालेत. पाहुण्यांना कळवलंय. आता नाही म्हटलं तर ही माणसं पुन्हा कधी आपल्या दारात येतील?"

तेही खरंच होतं. समितीचं हेच वाईट. सगळ्यांचं थोडंथोडं खरं असतं.

"मुलीलाच विचारू," प्राचार्य म्हणाले आणि तिला बोलावणं गेलं.

ती आली, बाकाजवळ उभी राहिली. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "बाळ, तुला काही अडचण आहे का?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सर म्हणाले, "घाबरू नकोस. तुझ्याच समाजाचा गौरव आहे हा. नुसतं उभं राहायचंय." तिने टोक सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी बोलणार होते, पण ठरवलं, आपण नाही बोलायचं. माझं लग्न लागणार नव्हतं.

मग ती सरांकडे बघून म्हणाली, "सर, नुसतं उभंच राहायचं असेल तर तुमच्या मुलीला उभी करा."

हे ती शुद्ध बोलली. वर्गात बोलावं तसं.

सरांची मुलगी तेव्हा पालघरला बारावीला होती. कढईत तेल तडतडत होतं, ते मी उतरवून ठेवलं. सरांनी टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसला. मग म्हणाले, "तू जा वर्गात. तू उभी राहणार नाहीस." आणि आमच्याकडे वळून, "हे मला कोणी असं का नाही सांगितलं?"

मी सांगितलं होतं, पण असं नव्हतं सांगितलं.

आता नवरी कुठून आणायची? धवलेरीला निरोप गेला, तिचं उत्तर आलं की लटक्या लग्नाला ती गाणार नाही, देवांना बोलावून रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. दुसऱ्या कुठल्या बाईला गायला लावलं तर पाड्याची माणसं उठून जातील. पुढच्या बैठकीत प्रतिनिधी म्हणाला, "मंग आमचा कोळीनाच दोनदा करा."

तेव्हा मागून, कांद्यांच्या ढिगाऱ्यापलीकडून आवाज आला. "मला करा उभी."

आम्ही सगळे वळलो. माझी कांदेवाली नाक पुसत होती. कांद्याने की कशाने, ते मी विचारलं नाही.

"माझं लगीन व्हायचंच हाय," ती म्हणाली.

"अगं, तुझी पोरगी लग्नाला आली," मी म्हटलं.

"म्हनूनच त. आमी असेच राहलो. तवा काय नव्हतं हातात, राहलो, पोरं झाली. आमच्यात चालतं. पन आईबापाचं झाल्याबिगर पोरीचं नाय लावता येत. पोरीला मागनी आली हाय न् तिचा सासरा दर बाजाराला इचारतो, तुमचं कवा, तुमचं कवा." तिने विळी पुन्हा पुढे ओढली. "तुमाला खरं पायजे, मला बी खरं पायजे. लावा."

मराठीचे सर उठून उभे राहिले. मला वाटलं भाषण करतात की काय. पण ते एवढंच म्हणाले, "तुमचे यजमान तयार होतील?"

"त्याला कोन इचारतंय?"

विचारावं लागलं. तो दुसऱ्या दिवशी ताडीची मडकी उतरवून आला आणि नाहीच म्हणाला. "या वयात? सगल्या कालेजसमोर? पोरं हसतील."

"तुझीच पोरं, हसू दे," ती म्हणाली. "ताडावर चढतोस तवा सगला तारापूर रस्ता बघतो तुला खालून, लंगोटीत. तवा नाय लाज वाटत?"

"तवा मी कामावर असतो."

"मंग हे बी कामच समज."

तो माझ्याकडे वळला. "बाय, तुमी सांगा हिला."

"मी समितीची सभासद आहे," मी म्हटलं. "आमचा ठराव झालाय."

तो तयार झाला. त्याची एकच अट होती, लंगोटीचा विषय स्टेजवर काढायचा नाही.

ज्यांचा घास गेला ते दोघे, मुलीचा बाप आणि मामा, काय करतील याची मला धाकधूक होती. बाप तर चिडून येऊन मुलीला घेऊनच जाईल, असं वाटत होतं. सर स्वतः पुन्हा पाड्यावर गेले. काय बोलले माहीत नाही. परत आले तेव्हा पायात काटा मोडला होता आणि ते म्हणाले, "या वेळी मी कमी बोललो." बाप येणार होता. मुलीबद्दल मात्र त्याने काही कबूल केलं नव्हतं. नंतर बघू, म्हणाला.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी ताडीवरून पेच पडला. देवापुढे ती लागतेच. प्राचार्य म्हणाले, कॉलेजच्या आवारात दारूचा थेंब येणार नाही. नवरदेव म्हणाला, दारू नाही साहेब, नीरा आहे, आत्ता उतरवली. प्राचार्यांनी स्वतः वास घेतला आणि परवानगी दिली. सकाळी ती नीराच होती. मग मडकी मांडवाच्या बाहेर उन्हात राहिली. पुढचं उन्हाला विचारा.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. कोळीनाच पहिला झाला, प्रतिनिधी शेवटी जिंकलाच. सरावलीच्या कामगारांनी असली होळी गायली की कारखानदार पाहुणा मान डोलवत होता. त्यातली अर्धी गाणी मालकाला शिव्या देणारी होती, पण ती त्यांच्या बोलीत होती. मग लग्न.

धवलेरी स्टेजच्या पायऱ्या हाताने चाचपत चढली. कुणाला नमस्कार नाही, माईककडे बघितलं नाही. चौकासमोर बसली आणि जमिनीकडे बघत गायला लागली. माईक उभ्या दांडीवर होता, तिच्या तोंडापासून हातभर वर. आवाज पोचेना. तेव्हा ती मुलगी बाजूने धावत आली, माईक काढून तिच्या तोंडाजवळ धरून उकिडवी बसली. नवरी व्हायची ती माईक धरणारी झाली. एक हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायची.

तारपेवाला घुमायला लागला आणि त्याच्याभोवती फेर धरला गेला. फेरातली माणसं तारप्याकडे तोंड करून नाचतात, त्यामुळे पाहुण्यांना सगळ्यांच्या पाठी दिसल्या. प्राचार्य खालून हाताने खुणा करत होते, इकडे वळा, इकडे वळा. कोण वळतंय! माझी कांदेवाली कपाळापर्यंत पदर ओढून, हळदीने पिवळी होऊन बसली होती. तिचा नवरा असा ताठ की जणू ताडच. त्यांची पोरगी बाजूला उभी राहून आईचा पदर सारखा करत होती.

कार्यक्रमात या लग्नाला अर्धा तास दिला होता. धवलेरीला कोणी ते सांगितलं नव्हतं आणि सांगून उपयोग नव्हता. एक देव झाला की दुसरा, डोंगर, नद्या, सगळ्यांना आमंत्रण. गरब्यासाठी नटून बसलेल्या पोरी मागे घामाने चिंब झाल्या. पाहुणे चहाला गेले, चहा पिऊन आले, गाणं चालूच. प्राचार्य स्टेजच्या मागे येऊन मला म्हणाले, "बाई, थांबवा आता."

"अर्धं लावून सोडू?" मी म्हटलं. "मग परत लावायचा मांडव कोण देणार?"

ते गेले. मामा तोपर्यंत मांडवाबाहेरच्या मडक्यांकडे जाऊन आला होता. आपल्या भाच्याचं लग्न नाही, हे तो विसरला किंवा त्याने मनावर घेतलं नाही. सगळ्यांत जास्त तोच नाचला. छत्री घेऊन. नवापूरची पोरं फेरात घुसली, मग सरावलीचे दोघे ढोलकी घेऊन. फेर स्टेजवर मावेना तसा तो खाली उतरला. मला कोणीतरी ओढलं. विधवा बाईने नाचू नये वगैरे आमच्याकडे असतं. मी दोन फेऱ्या मारल्या आणि गुडघा धरला म्हणून थांबले.

लग्न लागलं तेव्हा ऊन कलत होतं. धवलेरी उठली, मुलीच्या हातातला माईक बाजूला सारला आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "तुझं गानं आज नाय व्हतं." बाप तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं. धवलेरीशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

तरी तो प्रश्न सुटला असं नाही. होळी झाल्यावर बाप पुन्हा आला, मुलीला न्यायला. पाड्यावर बोलणी करायची होती. पण मधल्या काळात सरांनी एक गोष्ट केली होती. पुढच्या वर्षीच्या समितीत त्या मुलीला घेतलं होतं. समितीत ती आम्हाला फार जड गेली. पहिल्याच बैठकीत तिने सरांच्या दोन सूचना उडवल्या, गरब्यावरून माझ्याशी भांडली आणि खाडीच्या पाण्याचा विषय पहिल्या नंबरावर घ्यायला लावला. प्रतिनिधी खूश, प्राचार्य बेजार.

बाप आला तेव्हा ती माझ्याकडे लसूण सोलत होती. बाप म्हणाला, "चल घरी."

ती म्हणाली, "बाबा, समितीची बैठक हाय."

"कसली समिती?"

"कालेजची. सर हायत, प्राचार्य हायत, मी हाय."

बापाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. समिती हा शब्द त्याने जंगलखात्यात आणि ग्रामपंचायतीत ऐकला होता. समिती म्हटलं की साहेब बसतात, निर्णय होतो आणि माणसाला घालवून देतात. आपली पोरगी त्या बाजूला बसते, हे त्याला पटायला वेळ लागला. मग त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारलं, "कवा संपते?"

"सांगता येत नाय," ती म्हणाली.

तो चहा पिऊन गेला. पावसाआधी परत आला, तेव्हाही बैठक होती. दिवाळीनंतर आला, तेव्हाही. पुढे पुढे तो नुसता चहा प्यायला आणि पोरीला बघायला यायचा, आणि स्वतःच विचारायचा, आज बैठक हाय ना? त्या दीड वर्षात समितीच्या जितक्या बैठका झाल्या तितक्या कॉलेज सुरू झाल्यापासून झाल्या नव्हत्या. बऱ्याचशा बैठकांना आम्ही तिघीच हजर असायचो. ती, मी आणि माझी लग्न झालेली कांदेवाली. विषय बहुतेक वेळा इंग्रजीचा असायचा, त्यात ती कच्ची होती. ती धडा मोठ्याने वाचायची, आम्हा दोघींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण अडखळली की कळायचं.

"परत," कांदेवाली म्हणायची, आणि ती परत वाचायची.

निकाल लागला त्या दिवशी ती पाड्यावरून ताडगोळे घेऊन आली, बापाने दिलेले, पानांत बांधून. इंग्रजीत जेमतेम सुटली होती. आम्ही तिघींनी मागच्या दारात बसून ते सोलून खाल्ले, आणि पुढे गिऱ्हाईक चहासाठी ओरडत होतं त्याला कांदेवालीने आतूनच सांगितलं, "थांब, बैठक चाललीय."